खोटा गंज

रणगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्या आमच्या मंडळींना सध्या एक रोग जडला आहे. त्या रोगाचे नाव गंज. लोखंडाला चढतो तो नव्हे, प्लास्टिकला चढवतात तो. कोणत्याही प्रदर्शनात जा. टेबलावर मांडलेले बहुतेक रणगाडे असे दिसतील की, ते नुकतेच एखाद्या बंदराच्या तळातून वर ओढून काढले असावेत. बुरुजावरून नारिंगी ओघळ उतरलेले, बाजूच्या पत्र्यांचे खवले सुटलेले, तोफेच्या नळीवर तांबेरा. आणि गंमत अशी की, यांतला प्रत्येक रणगाडा हातातल्या नियंत्रकाची दांडी ढकलताच गुरगुरत पुढे सरकतो, बुरूज गरकन फिरवतो, नळी वर-खाली करतो आणि मागच्या धुराड्यातून खराखुरा धूर सोडतो. पोरे टाळ्या पिटतात. परीक्षक मान डोलावून 'अगदी जिवंत!' म्हणतात आणि पहिले बक्षीस देऊन टाकतात.

माझे म्हणणे असे की, हा जिवंतपणा नव्हे; हे असत्य आहे, आणि ते निरुपद्रवी असत्यही नाही. मूठभर छंदिष्टांच्या या भांडणात दिवाळी अंकाच्या वाचकाने का पडावे, असे कोणी विचारील. त्याने थोडा धीर धरावा. भांडण रंगाच्या डबीपाशी सुरू होत असले तरी ते तिथे संपत नाही.

प्रथम या छंदाची ओळख करून देणे भाग आहे. मूळ रणगाड्याच्या एक-सोळांश आकाराचा, बॅटरीवर चालणारा आणि रेडिओलहरींनी दुरून हाकता येणारा रणगाडा, हा या छंदाचा विषय. जपानमधील शिझुओका शहरातली तामिया आणि चीनमधली हेंग लाँग या दोन कंपन्यांची नावे या क्षेत्रात घरोघर झाली आहेत. पण पेटी उघडून रणगाडा बाहेर काढला आणि चालवला, एवढ्यावर समाधान मानणारा माणूस आमच्यांत छंदिष्ट म्हणून गणला जात नाही. खरे काम पुढे असते. प्लास्टिकचे दाते काढून पोलादी दातेचक्रे बसवायची. प्लास्टिकचे पट्टे टाकून धातूच्या एकेका कडीचे पट्टे ओवायचे. चाकांना धारवा घालायचा. तोफ उडाल्यावर नळी मागे सरावी आणि त्या धक्क्याने सारा सांगाडा हलावा, अशी यंत्रणा आत बसवायची. बारीक पितळी पत्र्याच्या जाळ्या कापायच्या, झाकणांना बिजागऱ्या लावायच्या. महिनोन् महिने हे चालते.

आणि या साऱ्या कामात आमची मंडळी किती काटेकोर असतात ते पाहून कोणाही अपरिचित माणसाने थक्क व्हावे. जर्मनांचा 'टायगर' घ्या. त्याचे वजन ५७ टन. एक-सोळांश प्रतिकृतीचे वजन किती असावे? सोळाने भागून चालत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सोळा पटींनी घटतात, म्हणून ४०९६ ने भागावे लागते. उत्तर येते जवळजवळ १४ किलो. तयार प्रतिकृती तीन-चार किलोंची असते, म्हणून ती खडबडीत जमिनीवर चेंडूसारखी उड्या मारते. हे ज्याला खुपते तो सांगाड्याच्या तळाशी शिशाचे तुकडे चिकटवतो. मूळ रणगाडा सडकेवर ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास धावत असे. तेव्हा प्रतिकृतीने ताशी अडीच किलोमीटरच्या आत चालले पाहिजे, म्हणजे फेरफटका मारणाऱ्या माणसाच्या निम्म्या चालीने. म्हणून दातेचक्रांचे प्रमाण बदलायचे. टायगरचा लढाईतला पट्टा ७२५ मिलिमीटर रुंद. प्रतिकृतीत तो ४५ च्या जवळपास हवा. एखाद्याचा ४२ भरला तर त्याची सभेत चेष्टा होते. मागच्या धुराड्यावरचे खिळे चुकले तर पत्रे येतात.

खिळे मोजणाऱ्या याच माणसांच्या हाती शेवटी रंगाचा कुंचला येतो, आणि तिथे मोजमापाचा सारा धर्म बुडतो. कारण शेवटचे काम असते ते रणगाडा मळवण्याचे. आमच्या परिभाषेत त्याला 'वेदरिंग' म्हणतात. मी साध्या मराठीत मळवणे म्हणतो. नव्या, कोऱ्या रंगावर धूळ, चिखल, तेल, काजळी, ओरखडे आणि गंज यांची पुटे चढवायची. त्याची साधने चतुर आहेत. खाली गंजाचा रंग, वर केसांना मारायचा फवारा, त्यावर हिरवा रंग. मग ओल्या कुंचल्याने घासले की वरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. कोणी मिठाचे खडे चिकटवून ठेवतात आणि रंग वाळल्यावर झाडून टाकतात. कोणी स्पंजाच्या तुकड्याने टिपके उठवतात. तैलरंगाचे ठिपके टर्पेंटाईनने खाली ओढून ओघळ काढतात. रंगीत भुकटी फासून धूळ करतात. १९७० नंतरच्या काळात बेल्जियमच्या फ्रान्स्वा फेर्लिंडेन यांनी आणि अमेरिकेच्या शेपर्ड पेन यांनी या कलेला वळण दिले. पुढे स्पेनच्या कारागिरांनी तिला नाट्य दिले. साधनांशी माझे भांडण नाही. ती सारी मी वापरतो. माझे भांडण आहे ते या साधनांनी काय सांगितले जाते त्याच्याशी.

आता गंजाकडे वळू. रणगाड्याच्या पोलादाला गंज केव्हा चढतो? रंग निघून पोलाद उघडे पडले आणि त्याला ओलावा लागला म्हणजे. लढाईत चालत्या रणगाड्याचा रंग कोठे निघतो? शिपायांचे बूट जिथे रोज पडतात तिथे, म्हणजे झाकणांच्या कडांवर आणि चढण्या-उतरण्याच्या जागी. अवजारे जिथे आपटतात तिथे. झाडाझुडपांत घुसताना जे कोपरे घासतात तिथे. तिथेही जर्मन रणगाड्यावर आधी खालचा तांबूस अस्तराचा रंग दिसतो, पोलाद नंतर. धुराडे तापते, त्याचा रंग करपतो, तेव्हा तिथे गंज असणारच. पट्टे उभ्या रणगाड्यावर एका रात्रीत तांबूस होतात आणि दुसऱ्या दिवशी चालू लागताच जमिनीला लागणारा त्यांचा भाग पुन्हा चकाकू लागतो. बाकीचा सांगाडा? त्याच्यावर रंग असतो, धूळ असते, तेलाचा हात असतो. आणि त्याची निगा राखणारे चार-पाच जीव असतात, कारण त्यांचे प्राण त्याच्यात असतात. युद्धातल्या रणगाड्याचे आयुष्य पुष्कळदा काही महिन्यांचे. तेवढ्या अवधीत इंचभर जाडीचे चिलखत खवले पडून गळू लागत नाही.

मग सर्वांगी गंजलेला रणगाडा कधी असतच नाही काय? असतो. दोन प्रकारचा असतो. एक, वर्षानुवर्षे मैदानात बेवारस पडलेला. दुसरा, जळलेला. आणि या दुसऱ्याबद्दल आमच्या मंडळींनी नीट ऐकून घ्यावे. रणगाड्याला आत आग लागली, दारूगोळा आणि इंधन पेटले, की बाहेरचा रंग जळून जातो. चाकांवरचे रबर जळून जाते. पोलाद उघडेनागडे होते आणि पहिल्या दवात, पहिल्या पावसात सारेच्या सारे नारिंगी होऊन जाते. त्याला महिने लागत नाहीत, दिवस पुरतात. मधूनमधून राखेचे पांढुरके पट्टे राहतात. म्हणजे ज्या रंगाला परीक्षक 'जिवंत' म्हणून बक्षीस देतात, तो रंग जळालेल्या रणगाड्याचा आहे. जळालेल्या रणगाड्यात माणसे असतात. निदान असण्याचा संभव फार असतो. तो रंग अंगावर घेऊन तुमचा रणगाडा दिवाणखान्यात गुरगुरत फिरतो, बुरूज फिरवतो, धूर सोडतो. तुम्ही प्रेत चालवीत आहात! तुम्हांला ते ठाऊक नाही, एवढेच.

यावर मला तीन प्रकारची उत्तरे मिळत आली आहेत. एकेकाचा समाचार घेतो.

पहिले उत्तर कलावंताचे. तो म्हणतो, "मी इतिहास लिहीत नाही, मी रंग देतो. हिरव्यावर नारिंगी खुलून दिसते. डोळ्यांना गोड लागले म्हणजे झाले." ठीक आहे. मग बाबा, पट्टा ४२ मिलिमीटरचा की ४५ चा यावरून तू गेल्या वर्षी दुसऱ्याला सभेत का झोडपलेस? पट्टाही डोळ्यांना गोड लागला असता. जिथे फूटपट्टी चालते तिथे सत्याचा आग्रह, आणि जिथे समज लागते तिथे कलेचे स्वातंत्र्य, ही सोयीची वाटणी झाली. कलेचे स्वातंत्र्य मलाही प्रिय आहे. पण ज्याने पितळी पट्टीवर रणगाड्याचा क्रमांक आणि तुकडीची खूण रंगवली त्याने, हा अमुक रणगाडा आहे, असे विधान केले. विधान केल्यावर ते खरे की खोटे हा प्रश्न उठतोच. आणि मळ हे क्रमांकापेक्षाही मोठे विधान आहे. क्रमांक सांगतो रणगाडा कोणाचा. मळ सांगतो त्याच्यावर काय गुजरले.

दुसरे उत्तर व्यवहारी माणसाचे. "अहो, खेळणे आहे ते! खेळण्यात कसले सत्य आणि कसले असत्य?" या गृहस्थांना मी एवढेच विचारतो की, तुमच्या मुलाने युद्ध कोठे पाहिले आहे? त्याने ते चित्रपटात पाहिले, संगणकावरच्या खेळात पाहिले आणि तुमच्या टेबलावर पाहिले. पहिल्या दोन ठिकाणी तो जाणतो की ही बतावणी आहे. टेबलावरच्या वस्तूला मात्र तो हात लावू शकतो. तिचे वजन त्याला कळते. बाबांनी सहा महिने खपून ती केली हे त्याने पाहिलेले असते. म्हणून तो तिच्यावर विश्वास ठेवतो. ज्याच्यावर विश्वास ठेवला जातो त्याला खेळणे म्हणून सुटता येत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत वजनदार, कारण ते छंदाबाहेरच्या भल्या माणसांचे आहे. ते म्हणतात, "मुळात रणगाडा करावाच कशाला? गंज खरा की खोटा हा वाद नंतरचा. संहाराचे यंत्र हौसेने बनवणे हीच विकृती." या आक्षेपाला मी हसून उडवून लावणार नाही. त्यात तथ्य आहे, आणि ज्या प्रकारे हा छंद आज चालतो त्याला तर तो पुरेपूर लागू आहे. युद्धाचे ओंगळ रूप गाळून त्याची फक्त ऐट शिल्लक ठेवायची, ही विकृतीच. पण ती ऐट कशात आहे ते पाहा. कोऱ्या, चकचकीत रणगाड्यात आहे. आणि तेवढीच शोभेच्या गंजात आहे. या दोहोंतून माणूस वजा झालेला असतो. रोज जिथे बूट पडून रंग झिजला ती जागा, इंधन ओतताना सांडले तो ओघळ, बाजूला दोरीने बांधलेली पाण्याची डबकी, तुटलेला आणि तारेने आवळलेला चिखलपत्रा, या खुणा पाहिल्या की पाहणाऱ्याला प्रथमच कळते की ह्या डब्यात माणसे राहत होती, खात होती, झोपत होती, भीत होती. रणगाडा करूच नका, असे सांगणाऱ्याला मी म्हणेन की, करणारे करणारच आहेत. त्यांना खरा करायला लावा. खरा केलेला रणगाडा मुलाच्या हाती द्या आणि तो युद्धाची हौस धरतो की प्रश्न विचारतो ते पाहा.

आता आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. आमच्याकडचा छंदिष्ट उठतो तो टायगरच करतो. हिंदुस्थानात जणू दुसरा रणगाडा आलाच नाही. टायगर यंत्र म्हणून मोठा होता यात संशय नाही. पण तो सारे मिळून सुमारे साडेतेराशेच बनले, आणि शत्रूच्या गोळ्याने मेले तसे बिघडून, इंधन संपून, स्वतःच्याच माणसांनी सुरुंग लावून उडवल्यामुळेही पुष्कळ मेले. त्याची चाके एकमेकांच्या आत गुंफलेली होती. त्यांच्यामध्ये चिखल अडके; रशियाच्या हिवाळ्यात तो रात्रीत गोठून दगड होई आणि सकाळी रणगाडा हलेना. आतले एक चाक बदलायचे तर बाहेरची कित्येक उतरवावी लागत. खरा मळ रंगवायचा तर तो इथे, या चाकांच्या गुंफणीत आहे. पण तिथे बोट शिरत नाही, कुंचला पुरत नाही, आणि परीक्षकाची नजरही जात नाही. म्हणून तिथे कोरे काळे रबर आणि वर बुरुजावर नारिंगी ओघळ!

एवढेच नव्हे, तर काळवेळेचाही पत्ता नसतो. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मनांनी रणगाड्यांवर 'झिमेरिट' नावाचा रेघारेघांचा लेप द्यायला सुरुवात केली ती १९४३ च्या उत्तरार्धात, आणि १९४४ च्या सप्टेंबरात तो बंद केला. ट्युनिशियातले युद्ध १९४३ च्या मे महिन्यात संपले. तरीही लेप दिलेला आणि वाळवंटी धुळीने माखलेला टायगर मी प्रदर्शनात मांडलेला पाहिला आहे, आणि त्याच्यापुढे लोक रांग लावून उभे होते. इंग्लंडात डॉर्सेट परगण्यात बॉव्हिंग्टन येथील संग्रहालयात १३१ क्रमांकाचा टायगर उभा आहे. ट्युनिशियात १९४३ च्या एप्रिलमध्ये तो इंग्रजांच्या हाती लागला. आज चालू स्थितीत असलेला जगातला तो एकमेव टायगर. एक गोळा नळीच्या खालच्या अंगाला लागून बुरुजापाशी रुतला, बुरूज फिरेना, आणि आतली माणसे रणगाडा टाकून गेली. त्याच्या अंगावरची खूण अशी बोलते. ती एक खूण करणाऱ्याने शंभर ओघळांहून अधिक सांगितले.

आणि हा टायगर ज्या सैन्याचा, त्या सैन्यासमोर कोण उभे होते? १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे जर्मनांच्या मशिनगनवर एकटे चालून गेले आणि मारले गेले. ते माणगाव तालुक्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना वाहून आणून पुन्हा उलट फिरलेले शिपाई नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी असे म्हणत नाही की कोणी टायगर करू नये. माझे म्हणणे एवढेच की, तो करताना त्याच्या तोफेच्या तोंडापुढे कोण होते याची ज्याला आठवण नाही, त्याला नुसती त्या यंत्राची भुरळ पडली आहे. आणि खोटा गंज हे त्या भुरळीचेच एक लेणे आहे.

दुसऱ्या टोकाला आमचे सरकारी शहाणपण आहे, तेही यातून सुटू नये. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत जिंकलेले, आणि पुढे सेवेतून निवृत्त झालेले आपलेही, कितीतरी रणगाडे छावण्यांच्या दारांत आणि शहरांच्या चौकांत चौथऱ्यांवर उभे आहेत. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसाच्या भिजवलेल्या रानांत रुतले आणि तिथेच ठार झाले. असा एखादा पॅटन तुमच्या गावात आला की त्याचे काय होते? कोणी मोठा पाहुणा यायचा असला की त्याच्यावर तेलरंगाचा जाड हात फिरतो. चाके पांढरी, कडा लाल, बाकी सारा हिरवागार आणि चकचकीत. ज्या भोकातून गोळा आत गेला ते भोक लांबीने बुजवून वर रंग. नगरपालिकेच्या बाकाला आणि रणगाड्याला एकच रंगारी, एकच डबा! छंदिष्ट जिथे जखम नाही तिथे ती काढतो, आणि आमचे अधिकारी जिथे जखम आहे तिथे ती पुसतात. पाहणाऱ्या मुलाच्या पदरी दोन्हीकडून एकच गोष्ट पडते: काही झालेच नव्हते.

या वादाचा गाभा मला जिथे सापडतो ती जागा महाराष्ट्रातच आहे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे भारतीय चिलखती दलाचे माहेर. तिथे १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उभे राहिले. जवळच खारे-कर्जुन्याच्या माळावर रणगाड्यांचा सराव चालतो. आणि याच नगरात चिलखती दलाच्या केंद्रात 'फामागुस्ता' नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवला आहे. तो पूना हॉर्स या पलटणीचा. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगडच्या रणक्षेत्रात, बसंतर नदीपलीकडे, या रणगाड्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. जन्म पुण्याचा, वय २१. समोरून पॅटनांचा हल्ला आला. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे पडले, त्यांतले चार एकट्या खेत्रपालांनी टिपले, असे परमवीरचक्राच्या मानपत्रात नमूद आहे. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्याला गोळा लागला आणि तो पेटला. रणगाडा सोडून बाहेर पड, असा हुकूम आला. तोफ अजून चालत होती. त्यांनी हुकूम मानला नाही. आणखी एक रणगाडा पाडला. मग दुसरा गोळा लागला आणि ते गेले.

तो हुकूम रेडिओवरून आला होता, हे माझ्या छंदबंधूंनी ध्यानात घ्यावे. आमचे सारे कसब कशासाठी? रेडिओवरून हुकूम सुटावा आणि रणगाड्याने तो तत्काळ, न चुकता पाळावा यासाठी. डावीकडे म्हटले की डावीकडे, मागे म्हटले की मागे. आमच्या रणगाड्याच्या पोटात बॅटरी आहे, दातेचक्रे आहेत, तारांचे जाळे आहे; नाही म्हणणारे कोणी नाही. सेंच्युरियनच्या पोटात चार माणसे बसत, आणि त्या सकाळी त्यांच्यापैकी एकाने नाही म्हटले. हे 'नाही' आम्ही कोणत्याही यंत्रणेने प्रतिकृतीत बसवू शकणार नाही. माणसाचा जो काही अंश आमच्या प्रतिकृतीत उतरू शकतो तो फक्त मळात, ओरखड्यात, झिजेत. तेवढी एकच जागा आमच्या हाती आहे, आणि तिथेच आम्ही दुकानातल्या बाटलीतला 'रेडीमेड गंज' ओतून मोकळे होतो!

मग करावे काय? नुसती टीका करणाऱ्यांत माझी गणना होऊ नये म्हणून सांगतो. मी सेंच्युरियन बांधला. तो टायगरइतका सहज बाजारात मिळत नाही; म्हणून दुसऱ्या रणगाड्याची दातेचक्रे घेऊन वरचे धड प्लास्टिकच्या पत्र्यातून कापले. मळवण्याआधी मी तो चालवला. चालत्या प्रतिकृतीला कपाटातल्या प्रतिकृतीपेक्षा हा मोठा लाभ आहे आणि त्याचा उपयोग कोणी करीत नाही. पट्ट्यांना रंग द्या आणि रणगाडा तासभर माळावर हाका. कडीचा जो भाग जमिनीला लागतो, दातेरी चाकाचा जो दात पट्ट्यात शिरतो, चाक जिथे कडीच्या उभ्या शिंगाला घासते, तिथला रंग आपोआप उडतो. आणि मूळ रणगाड्याची घडण तीच असल्याने मूळातही तो तिथेच उडे. यंत्र स्वतः साक्ष देते. धूळ कोठे बसते, कोणता पत्रा ती अडवतो, हेही तेच सांगते. तुमचा कुंचला त्यानंतर.

माती मात्र जशीच्या तशी चालत नाही, कारण मातीला प्रमाण नसते. एक मिलिमीटरचा कण एक-सोळांश जगात सोळा मिलिमीटरची खडी होतो. म्हणून माती वाळवून, कुटून, मलमलीतून दोनदा चाळून, मगच भुकटी म्हणून वापरायची. आणि कोणती माती? नगरच्या माळावरची मुरमाड धूळ सरावातल्या रणगाड्याला शोभेल. तीच बसंतरकाठच्या रणगाड्याला फासली तर ते खोटे. नदी ओलांडली ती कशी, सुरुंग काढून केलेली वाट किती रुंद होती, डिसेंबरातल्या पहाटे पत्र्यावर दव होते का, हे प्रश्न विचारायचे. पुस्तकांत पाहायचे, छायाचित्रांत पाहायचे, त्या पलटणीतला कोणी म्हातारा भेटला तर त्याच्या पायाशी बसून ऐकायचे. ज्याचे उत्तर मिळाले ते रंगवायचे. ज्याचे मिळाले नाही तिथे मी साधा रंग ठेवला आहे. माझ्या सेंच्युरियनच्या बुरुजाची डावी बाजू जवळजवळ कोरी आहे. एका परीक्षकाने ती 'अपुरी' म्हणून गुण कापले. कापू देत.

आणि आग? ती मी रंगवलेली नाही, रंगवणारही नाही. पेटल्यानंतरचा फामागुस्ता टेबलावर मांडून त्याला रेडिओने चालवणे माझ्याने होणार नाही. माझा रणगाडा नदी ओलांडण्यापूर्वीचा आहे. ज्याला जळालेला रणगाडा करायचा असेल त्याने खुशाल करावा, पण त्याने त्यातली बॅटरी काढून टाकावी. जळालेला रणगाडा चालत नाही.

प्रदर्शने भरवणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे, आणि तिला खर्च काही नाही. प्रत्येक प्रतिकृतीपुढे एक चिठ्ठी ठेवणे सक्तीचे करा. तिच्यावर वजन आणि वेग लिहू नका. ते आम्हांला तोंडपाठ आहेत. रणगाडा कोणाचा, जागा कोणती, दिवस कोणता, आणि त्याच्या अंगावरची प्रत्येक मोठी खूण कशाची, एवढे लिहा. जिथे उत्तर नसेल तिथे 'ठाऊक नाही' असे लिहा. परीक्षकांनी आधी चिठ्ठी वाचावी आणि मग रणगाड्याकडे पाहावे. ही चिठ्ठी लिहायला बसल्यावर पहिल्या वर्षी निम्मे लोक रागावतील. दुसऱ्या वर्षी नारिंगी रंगाच्या बाटल्या दुकानात पडून राहतील. आणि तिसऱ्या वर्षी एखादा मुलगा रणगाडा चालवून पाहण्याआधी बुरुजाच्या कडेवरची झिजलेली जागा दाखवून, "इथे कोण उभे राहायचे?" असे विचारील. त्याचे उत्तर देता येईल असा रणगाडा आपण करावा, एवढेच माझे मागणे आहे.